कार्बन नॅनोट्यूबवर आम्लप्रक्रिया करून इपॉक्सीत मिसळणे: कामाच्या नोंदी

बाहेरचा व्यास १० ते २० नॅनोमीटर आणि लांबी १० ते ३० मायक्रोमीटर असलेल्या बहुभित्ती कार्बन नॅनोट्यूबवर (एकात एक भिंती असलेल्या कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर) आम्लाची प्रक्रिया करायची, त्या इपॉक्सी रेझिनमध्ये (हार्डनर मिसळल्यावर कडक होणाऱ्या घट्टसर द्रवात) वजनाने ०.३ टक्के मिसळायच्या आणि नुसत्या इपॉक्सीच्या तुलनेत वाकवताना सहन होणारा ताण वाढतो का ते मोजायचे, एवढाच या कामाचा आवाका आहे. नोंदी वहीतून उतरवून थोड्या सविस्तर केल्या आहेत. चुका गाळलेल्या नाहीत, कारण हेच काम करू पाहणाऱ्याला त्यांचाच उपयोग जास्त होईल.

६ जानेवारी

आज फक्त वजने करायची होती. तेही धड झाले नाही. दहा ग्रॅमचा डबा हातात घेतला की तो रिकामा आहे की काय असे वाटते, कारण ही भुकटी इतकी पोकळ बसलेली असते की दहा ग्रॅमला साधारण १०० मिली जागा लागते. उघड्या काट्यावर दोन ग्रॅम मोजताना ती प्लास्टिकच्या चमच्याला चिकटली, चमचा हलवताच हवेत तरंगली आणि काट्याच्या काचेवर आतल्या बाजूने काजळीसारखी बसली. काम थांबवून ओल्या कापडाने सगळे पुसून काढण्यात सकाळ गेली. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामाच्या जागेची सुरक्षितता पाहणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये कार्बन नॅनोट्यूबसाठी सुचवलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत एक मायक्रोग्रॅम इतकी कमी आहे, तेव्हा डोळ्यांना धूळ दिसली म्हणजे ती केव्हाच ओलांडली गेली असे धरून चालावे.

यापुढची पद्धत अशी ठरवली: झाकणाच्या बाटलीचे रिकामे वजन घ्यायचे, फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात) धातूच्या चमच्याने भुकटी तीत टाकायची, झाकण लावायचे, बाटली बाहेरून पुसायची आणि मगच काट्यावर ठेवायची. मास्क पी-१०० दर्जाचा, म्हणजे अतिसूक्ष्म धूळही अडवणारा. कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क येथे काहीही उपयोगाचा नाही.

८ जानेवारी

तुलनेचे नमुने ओतले. रेझिन बिस्फेनॉल-ए जातीचे असून त्याचा इपॉक्सी तुल्यभार (एका इपॉक्सी गटामागे येणारे वजन) १८७ आहे. हार्डनर म्हणून घेतलेल्या ट्रायइथिलीनटेट्रामाइनचा अमाइन-हायड्रोजन तुल्यभार (इपॉक्सी गटाशी जोडल्या जाणाऱ्या एका हायड्रोजनमागे येणारे वजन) २४.४ आहे. म्हणून १०० ग्रॅम रेझिनला १३ ग्रॅम हार्डनर लागतो. साचा आयएसओ १७८ या वाकवण्याच्या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकातील पट्टीच्या मापाचा, म्हणजे ८० × १० × ४ मिलिमीटरचा असून चाचणीत आधारांमधील अंतर ६४ मिलिमीटर ठेवायचे आहे. एका वेळी ६० ग्रॅम रेझिन आणि ७.८ ग्रॅम हार्डनर घेतल्यास ०.३ टक्क्यांसाठी नॅनोट्यूब अवघ्या ०.२ ग्रॅम लागतात. हा हिशेब आधीच केला असता तर पहिल्या खेपेला दोन ग्रॅम घेण्याची गरज नव्हती, हे लक्षात आले असते. या कामात माल फार खर्च होत नाही; जातो तो वेळ.

(नंतरची भर: चोवीस तास खोलीच्या तापमानाला आणि दोन तास १०० अंश सेल्सिअसला ठेवल्यानंतर पाच-पाच पट्ट्यांची सरासरी नुसत्या इपॉक्सीसाठी १०४ मेगापास्कल, पट्ट्यापट्ट्यांतला फरक ४, प्रक्रिया न केलेल्या नॅनोट्यूब घातलेल्या पट्ट्यांसाठी ९७, फरक ९. भिंगातून पाहिल्यावर दुसऱ्या गटातील प्रत्येक पट्टी एखाद्या काळ्या गुठळीपाशी मोडलेली दिसली.)

१० जानेवारी

पहिली आम्लप्रक्रिया. तीव्र सल्फ्युरिक आम्ल १५० मिली आणि तीव्र नायट्रिक आम्ल ५० मिली, म्हणजे नेहमीचे तीनास एक प्रमाण, आणि त्यात दोन ग्रॅम नॅनोट्यूब. बाथ सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या पाण्याच्या टाकीत) ७० अंशांना आठ तास ठेवले. जितका वेळ जास्त तितके कार्बॉक्सिल गट (नळीवर तयार होणारे आम्लधर्मी गट) जास्त, आणि गट जास्त तितकी रेझिनशी पकड चांगली, असा सरळसोट हिशेब मनात होता.

चंबूला रबरी बूच लावले होते. दोन तासांत नायट्रोजन डायऑक्साइडच्या तपकिरी वाफांनी ते बूच ठिसूळ झाले आणि त्याचे काळे कण चंबूत पडले. काळ्यात काळे, त्यामुळे ते वेगळे काढणे अशक्य. काचेचा कंडेन्सर लावून काम पुढे रेटले, पण खरे तर तेव्हाच ती खेप टाकून द्यायला हवी होती. आणखी एक गोष्ट म्हणजे सोनिकेटर स्वतःही पाणी तापवतो. ७० वर लावलेले तापमान चौथ्या तासाला ७८ झाले होते. मधूनमधून बर्फ टाकत राहावे लागले.

११ जानेवारी

पातळ करण्याआधीच गाळले तर धुण्याचे पाणी वाचेल, असे वाटून तीव्र मिश्रण थेट नायलॉनच्या ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळण-पटलावर ओतले. पटल पाहता पाहता बुळबुळीत झाले आणि मधोमध फाटले. सगळे खालच्या चंबूत. नायलॉन तीव्र आम्लात विरघळते हे पुस्तकात वाचलेले होते, हाताला मात्र ते आज कळले. त्यानंतर सगळे मिश्रण बर्फात ठेवलेल्या दोन लिटर थंड पाण्यात बारीक धारेने सोडले. आम्ल पाण्यात सोडायचे. उलट केल्यास उसळून अंगावर येते.

हाताशी असलेले दुसरे पटल टेफ्लॉनचे होते, पण पाणी न शोषणाऱ्या जातीचे, त्यामुळे त्यातून थेंबही खाली उतरेना. अशा पटलाला आधी इथेनॉलने भिजवण्याची रीत आहे, पण नायट्रिक आम्ल असताना तेथे इथेनॉल आणणे हा वेडेपणा ठरला असता. पाणी शोषणारे टेफ्लॉन पटल येईपर्यंत तीन दिवस गेले. ते अगदीच वाया गेले असे मात्र नाही, कारण आम्लात नॅनोट्यूब गोळा होऊन तळाशी बसतात आणि वरचे पिवळट पाणी सरळ निथळून घेता येते. धुण्याचे निम्मे काम असे बसल्या जागी झाले.

१४ ते १७ जानेवारी

नव्या पटलातून पहिले लिटर चाळीस मिनिटांत उतरले. पीएच ३ च्या पुढे गेल्यावर वेग मंदावला, आणि ४ च्या पुढे तर गाळलेले पाणी करडे येऊ लागले आणि थेंब मोजत बसण्याची वेळ आली. कारण समजायला वेळ लागला. आम्ल धुऊन गेले की नॅनोट्यूबवरचे कार्बॉक्सिल गट आयन होतात, नळ्या एकमेकींना ढकलू लागतात, गोळे सुटतात, आणि सुट्या झालेल्या नळ्या पटलाची छिद्रे बुजवतात. म्हणजे प्रक्रिया जितकी चांगली झालेली तितके धुणे अवघड.

त्यावर माझा हट्ट पीएच ७ येण्याचा होता. दोन दिवस आणि दोन रात्री पाणी ओतत राहिले तरी मीटर साडेपाचच्या वर जाईना. शेवटी वैतागून धुण्यासाठी वापरत असलेल्या ऊर्ध्वपातित पाण्याचाच पीएच मोजला, तो ५.६ निघाला. उघड्या हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की शुद्ध पाण्याचा पीएच तेवढाच होतो. जे पाणी स्वतः ७ नाही त्याने धुऊन ७ कसा येणार? आता कसोटी बदलली आहे: आत जाणारे आणि बाहेर येणारे पाणी एकाच पीएचचे झाले की थांबायचे.

आम्लाच्या पाण्याची विल्हेवाट हाही विचारात न घेतलेला खर्च निघाला. २०० मिली मिश्रणात आम्लाचे सुमारे ६.३ मोल हायड्रोजन आयन असतात आणि त्यांना निष्प्रभ करायला सोडियम बायकार्बोनेट ५३० ग्रॅमच्या आसपास लागते. फेस इतका येतो की मोठे टब घेऊन चिमटी-चिमटीने टाकावे लागते. अर्धा दिवस त्यालाच.

१८ जानेवारी

धुतलेला साका ओव्हनमध्ये ११० अंशांना रात्रभर वाळवला. सकाळी पाहतो तो भुकटीऐवजी काळ्या, चकचकीत, कडक खपल्या. बशीत हलवल्या की खणखणत होत्या. वजन १.१८ ग्रॅम. दोन ग्रॅमपैकी इतके कमी झाले, आणि त्यातही रबराचे कण धरलेले. खलात तासभर घोटून बारीक केले आणि पूर्वीसारखेच रेझिनमध्ये मिसळले.

२२ जानेवारी

सरासरी ८६ मेगापास्कल, फरक ११. प्रक्रिया न केलेल्या नॅनोट्यूबपेक्षाही वाईट, आणि नुसत्या इपॉक्सीपेक्षा तर बरेच खाली. बारा दिवसांच्या कामाचा हा निकाल.

दोष तीन असू शकत होते: रबर, आठ तासांचे आम्ल आणि वाळवणे. कोणता खरा ते शोधण्यासाठी धुण्याच्या भांड्याच्या तळाशी राहिलेला थोडा ओला साका उपयोगी पडला. एका परीक्षानळीत त्यातला एक मिलिग्रॅम कोरड्या वजनाइतका साका आणि दहा मिली पाणी घेतले. दुसरीत घोटलेल्या खपल्यांची भुकटी एक मिलिग्रॅम आणि तितकेच पाणी. दोन्ही नळ्या एक तास सोनिकेटरमध्ये ठेवून मग खिडकीत उभ्या केल्या. वीस मिनिटांत दुसऱ्या नळीतले पाणी निवळून आरपार दिसू लागले आणि तळाशी वाळूसारखे कण बसले. पहिली नळी दुसऱ्या दिवशीही शाईसारखी काळी होती; मागे दिवा धरला तरी उजेड पलीकडे येत नव्हता. माल एकच, आम्ल एकच, रबरही एकच. फरक फक्त ओव्हनचा.

पाणी उडून जाताना त्याचा पृष्ठताण नळ्यांना एकमेकींवर ओढून दाबतो, आणि एकदा त्या तशा चिकटल्या की घोटणे आणि सोनिकेशन यांना दाद देत नाहीत. गोठवून निर्वातात वाळवण्याचे यंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते वापरावे. ते नसेल तर वाळवूच नये, असे ठरवले.

२४ जानेवारी

दुसरी खेप, पुन्हा दोन ग्रॅम. या वेळी ५० अंशांना दोनच तास, काचेचा कंडेन्सर, रबर कुठेही नाही. थंड पाण्यात सोडल्यावर रात्रभर बसू दिले, वरचे पाणी निथळले आणि पुढचे धुणे पटलाऐवजी सेंट्रिफ्यूजवर केले. जे काम चार दिवस चालले होते ते दीड दिवसात संपले.

मधे एक पायरी वाढवली. आम्लाने नळ्यांच्या पृष्ठावरून सुटलेले, स्वतःवर भरपूर कार्बॉक्सिल गट असलेले कार्बनचे बारीक तुकडे नळ्यांनाच चिकटून बसतात; पकड मिळते ती त्या सालपटांची, नळीची नव्हे. यावरचे निबंध २००७ मध्येच आलेले आहेत, माझ्या वाचनात ते पहिली खेप बिघडल्यावर आले. ०.०१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने धुतल्यावर वरचे पाणी चांगलेच तपकिरी झाले. तिसऱ्या धुण्याला ते जवळजवळ रंगहीन आले. त्यानंतर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने एकदा धुऊन गट पुन्हा आम्लरूपात आणले आणि शेवटी साध्या पाण्याने धुतले. कुतूहल म्हणून पहिल्या खेपेचा उरलेला साकाही याच द्रावणात टाकून पाहिला. त्याचे पाणी पाचव्या धुण्यालाही गडद होते. आठ तासांत काय कमावले होते ते त्यावरून कळले.

२७ जानेवारी

पाण्याच्या जागी ॲसिटोन आणले: सेंट्रिफ्यूज, वरचे पाणी काढणे, ॲसिटोन घालून हलवणे, असे चार वेळा. शेवटी उरलेली काळी लापशी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरली. तिच्यातली एक ग्रॅम वेगळी वाळवून पाहिली तेव्हा नॅनोट्यूबचे प्रमाण ४.८ टक्के आले. त्या हिशेबाने संपूर्ण खेपेतून १.७१ ग्रॅम माल मिळाला, आणि एका ओतकामाला ४.२ ग्रॅम लापशी पुरेल.

आज एक गंभीर चूक झाली. निथळलेले ॲसिटोन ज्या टाकाऊ बाटलीत ओतले तिच्या तळाशी आधीच्या खेपेचे आम्लाचे पाणी राहिलेले होते. चिठ्ठी ओली होऊन पुसट झाली होती आणि मी ती वाचली नाही. झाकण लावल्यावर काही मिनिटांत बाटली कोमट लागली आणि झाकणाखालून फुसफुस ऐकू आली. ती हूडमध्येच होती, म्हणून हूडची काच खाली ओढून, सगळ्यांना बाहेर काढून तासभर कोणालाही आत जाऊ दिले नाही. आम्ल पातळ होते म्हणून निभावले. नायट्रिक आम्ल आणि ॲसिटोन किंवा अल्कोहोल एकाच बंद बाटलीत जाणे हे स्फोटाचे नेहमीचे कारण आहे. आता आम्लाच्या बाटल्या हूडच्या डाव्या कोपऱ्यात आणि द्रावकांच्या वेगळ्या कपाटात असतात, दोन्हींना वायू बाहेर जाऊ देणारी झाकणे आहेत आणि चिठ्ठ्या मेणपेन्सिलीने लिहिलेल्या आहेत.

३० जानेवारी

लापशी ५० मिली ॲसिटोनमध्ये प्रोब सोनिकेटरने (द्रवात बुडवलेल्या कांडीतून ध्वनिलहरी देणाऱ्या यंत्राने) सुटी केली: भांडे बर्फात, पाच सेकंद चालू आणि पाच सेकंद बंद, एकूण वीस मिनिटे. बर्फ नसताना ॲसिटोन काही मिनिटांतच उकळू लागते, आणि त्याची वाफ पेट घेणारी आहे हे वेगळे सांगायला नको. त्यात ६० ग्रॅम रेझिन घालून पुन्हा दहा मिनिटे चालवले. मग ६५ अंशांना ढवळत ॲसिटोन उडवले आणि वास येईनासा झाल्यावर निर्वातात तासभर ठेवले. मिश्रण एकसारखे काळे. काचेवर पातळ ओढले तरी गुठळी दिसेना. हार्डनर घालून ओतले.

३ फेब्रुवारी

पट्ट्या साच्यातून निघाल्या, पण नखाने दाबल्यावर ओरखडा उमटत होता. वाकवताना त्या मोडण्याऐवजी वाकतच गेल्या. वहीतली वजने पुन्हा जुळवून पाहिली तेव्हा मिश्रणाचे वजन हवे त्यापेक्षा सुमारे एक ग्रॅम जास्त असल्याचे आढळले. वास गेला होता. ॲसिटोन गेले नव्हते. उरलेले ॲसिटोन रेझिनला मऊ तर करतेच, शिवाय हार्डनरच्या प्राथमिक अमाइनशी अभिक्रिया करून त्याला अडकवून ठेवते, म्हणजे हार्डनरही कमी पडतो. नाकावर विसंबल्याने चार दिवस गेले.

दुरुस्ती साधी आहे. रिकाम्या चंबूचे, रेझिनचे आणि नॅनोट्यूबचे वजन माहीत असतेच. ८० अंशांना निर्वातात ठेवून दर तासाला चंबू तोलायचा, आणि लागोपाठ दोन वजनांत ०.०५ ग्रॅमपेक्षा कमी फरक आला व एकूण वजन हिशेबाशी जुळले की मगच हार्डनरला हात लावायचा. आज त्याला सात तास लागले.

७ फेब्रुवारी

सरासरी ११६ मेगापास्कल, फरक ४. नुसत्या इपॉक्सीपेक्षा बारा मेगापास्कल जास्त, आणि मुख्य म्हणजे पाचही पट्ट्यांचे आकडे जवळजवळ आले. मोडलेल्या कडेवर भिंगाखाली गुठळी सापडली नाही.

किंमत दुसरीकडे मोजावी लागली. पट्टीच्या दोन्ही टोकांना चांदीचा रंग लावून मल्टिमीटर धरला, तर प्रक्रिया न केलेल्या नॅनोट्यूबची पट्टी काही शेकडो किलोओहम दाखवते आणि ही पट्टी मीटरच्या पल्ल्यातच येत नाही. आम्लाने नळीच्या भिंतीत पाडलेले दोष आणि नळ्या एकमेकींपासून सुट्या होणे, दोन्ही वीजवहनाच्या विरुद्ध जातात. ज्यांना प्लास्टिक विद्युतवाहक करायचे आहे त्यांनी ही प्रक्रिया करू नये.

११ ते १७ फेब्रुवारी

पकड आणखी वाढावी म्हणून अमिनोप्रोपिल-ट्रायइथॉक्सीसिलेन (नळी आणि रेझिन यांना जोडणारे सिलिकॉनयुक्त द्रव्य) लावून पाहिले. पहिल्यांदा ॲसिटोनच्या लापशीतच सिलेन घालायला निघालो होतो. ॲसिटोन अमाइनला अडकवते हे आठवडाभरापूर्वीच भोगलेले असल्याने वेळीच थांबलो आणि आधी ॲसिटोनच्या जागी इथेनॉल आणले. इथेनॉल ९५ भाग, पाणी ५ भाग, अर्ध्या ग्रॅम नॅनोट्यूबला दोन ग्रॅम सिलेन, रात्रभर. सकाळी भांड्याच्या कडेला पांढरा चिकट थर होता: सिलेन नळ्यांवर बसण्याऐवजी स्वतःशीच जोडले गेले होते. मूसमध्ये १०० मिलिग्रॅम माल ८०० अंशांना जाळून राख तोलली. मूळ नॅनोट्यूबची राख ४.१ मिलिग्रॅम आणि लोहामुळे तांबूस होती, आम्लप्रक्रियेनंतर १.३ राहिली होती. या मालाची ११ मिलिग्रॅम आणि राखाडी-पांढरी आली. ती सिलेनपासून झालेली वाळूच. सिलेन ०.१ ग्रॅमवर आणून आणि नंतर इथेनॉलने तीनदा धुऊन राख २.२ मिलिग्रॅमवर आली.

त्या मालाच्या पट्ट्यांची सरासरी ११९ आली, फरक ६. ११६ आणि ११९ यांतला फरक या पाच-पाच पट्ट्यांवरून खरा मानता येत नाही, त्यामुळे सिलेनचा आठवडा तूर्त खर्चाच्या बाजूला लिहिला आहे. पुन्हा करायचे झाल्यास किमान पंधरा पट्ट्या ओतेन.

८ मार्च

बरणीतली ॲसिटोनची लापशी चाळीस दिवसांनी उघडली. तळाशी साका बसला होता, पण हाताने हलवताच तो सुटला, आणि वीस मिनिटांच्या सोनिकेशननंतर परीक्षानळी रात्रभर काळीच राहिली. त्याच हिशेबाने ४.२ ग्रॅम तोलणार होतो, तेवढ्यात बरणीवर पेन्सिलीने मारलेल्या जुन्या रेषेच्या खाली पातळी गेलेली दिसली. एक ग्रॅम वाळवून पाहिली तर प्रमाण ४.८ ऐवजी ६.१ टक्के झाले होते. झाकणातून ॲसिटोन हळूहळू उडत होते. आज ३.३ ग्रॅम घेतले. बरणीवर आता रेषेशेजारी तारीख आणि टक्केवारी, दोन्ही लिहिली आहेत.